सातव्या होलवर

रेइनो खराट्यानं टी झाडून घेतो.
खराटा दिवाळीपासून त्याच्या ट्रकमध्येच असतो,
म्हणजे दिवाळी मी म्हणते, तो म्हणतो हरणांचा सीझन.
गुडघाभर बर्फाखालून सिमेंटचा चौकोन निघतो,
पाट मांडावा इतका स्वच्छ.
उणे चौदा. मिशिगनचं वरचं टोक, हँकॉक गाव,
दुपारचे चार, उजेडाची आवराआवर चाललेली.

आमच्या तबकड्यांना हातभर रिबिनी चिकटवल्यात,
पतंगाला लावतात तशी शेपटी.
पण ही उडण्यासाठी नाही, सापडण्यासाठी.

पाच वर्षांपूर्वी मी हसले होते ह्या खेळाला.
थाळी फेकायची, चालत जायचं, उचलायची,
पुन्हा फेकायची, लोखंडी टोपलीत पडेपर्यंत.
भुसावळच्या उन्हात कुणी हे केलं असतं
तर कांदा फोडून नाकाशी धरला असता घरच्यांनी.
इथे मात्र जानेवारीत माणूस
कशाच्या तरी मागे चालत राहिला नाही
तर खिडकीशीच गोठतो.
हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.

हातमोजा काढायचा, फेकायचं, घालायचा.
तेवढ्यात बोटं माझी राहत नाहीत.
माझी केशरी बर्चच्या डावीकडून छान वळली,
आणि मग
आवाजच नाही.
रिबीन टेपसकट माझ्या पायाशी पडलेली.
ह्या थंडीत टेपही टेप राहत नाही.
आता बर्फात कुठेतरी एक चीर असेल,
पत्रपेटीच्या तोंडाएवढी.

आम्ही शोधतो. रेइनो स्कीच्या काठीनं टोचत,
मी कोपरापर्यंत हात घालून,
गव्हाच्या कोठीत पडलेली अंगठी चाचपावी तशी.
सापडते ती निळी.
माझी नाही. त्याचीही नाही.
पाठीवर मार्करनं: डेल, आणि फोन नंबर,
शेवटचा आकडा तीन की आठ, कळत नाही.
तीन लावते. एक बाई वैतागते.
आठ लावते.

"टूसॉन," तो म्हणतो. "मी गेलो तिथून. गुडघे."
गुडघे, एवढंच कारण.
मग विचारतो, सातवंच ना? बर्च आहे अजून?
आहे. वीज पडल्याची खूण? आहे.
साखळ्या गोठल्यात?
मी जाऊन टोपली हलवते, फोन जवळ धरते.
खळखळ नाही, नुसतं खडखड,
डब्यात दोन सुपाऱ्या असल्यासारखं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.
पाठवून देऊ का?
"नको," म्हणतो. "इथे ती कुठे फेकू? तूच फेक एकदा."

टीवर परत येते. रेइनोनं पुन्हा झाडून ठेवलंय, न सांगता.
फोन खिशात, चालूच.
निळी हातात परकी लागते, दुसऱ्याची चप्पल पायात लागावी तशी.
फेकते.
बर्चला टक्क लागून
ती उजवीकडे कलते, उतारावर, ओढ्याकडे,
गडप.

"लागली का?" खिशातून आवाज.
रेइनो माझ्याकडे बघतो, भुवयांवर दहिवर.
"बर्चला," मी सांगते.
डेल हसतो, टूसॉनमध्ये, खोकला लागेपर्यंत.
"मग बरोबर. मीही दर वेळी तिथंच मारायचो."

केशरी अजून सापडायचीच आहे.
आता दोन झाल्या. रेइनो कपाळावरचा दिवा लावतो,
आणि त्या पिवळ्या गोलात दिसतं
की बर्फ पुन्हा पडायला लागलाय.
"एप्रिल," तो म्हणतो, आणि काठी झटकतो.

माझ्या नंबरात तीन नाही, आठही नाही.
तेवढं मी तपासून घेतलं, मनात.