विषयपत्रिका

पोरिरुआच्या चर्च हॉलमध्ये
तीन उमेदवार, एक माइक, बिस्किटांची बशी.
आधी कर: घर विकल्याच्या नफ्यावर लावावा की नको,
यावर गॉर्डन मकॉले, सहा घरांचा मालक,
घसा खाकरून खाकरून बोलला.

मग घरं. नोएलीनने भिंतीवरल्या बुरशीचा फोटो
पहिल्या रांगेतून पुढे सरकवला.
उमेदवाराने तो चष्मा न लावताच पाहिला
आणि मान हलवली.

वाहतूक शेवटी होती.
शेवटची बस नऊ वाजून दहाला.
कोट चढवून आम्ही उठलो,
नोएलीन, तावितची दोन पोरं, रात्रपाळीची नर्स, मी,
खुर्च्या वाजू न देता.
बाहेर गाड्या इतक्या दाटीने लावलेल्या
की अंग चोरत, आडवं होऊन
रस्त्यापर्यंत जावं लागलं.

बसच्या धोरणावर चर्चा रंगली म्हणे,
साडेदहापर्यंत.