दोन दांड्या

दिघ्याच्या वर, डोंगर जिथे पोट आत घेतो,
तिथे आमची वस्ती.
घरात फोन लागत नाही.
लागतो टाकीच्या तिसऱ्या पायरीवर,
डाव्या अंगाला झुकून,
आणि बोलायचं थोडक्यात, कारण मागे रांग असते.

मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो.
कळव्याचा खांब न् खांब मला ओळखायचा.
म्हणून अर्ज मी लिहितो.
अक्षर तसं बेताचंच.

मागल्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला चर खणला.
खणणारे आमचेच: निवृत्ती, त्याचा मेहुणा, इब्राहिम.
नारिंगी पाइप गेला वस्तीच्या उंबऱ्यापासून
थेट त्या खिडक्या नसलेल्या इमारतीत,
जिथे म्हणे साऱ्या देशाचे फोटो
थंड करून ठेवतात.
रात्री तिची घरघर ऐकू येते.
निवृत्तीची बायको म्हणते, जात्यासारखी;
पीठ मात्र कुठे पडतं कोण जाणे.

सुरुवात तस्लीमनं केली. बारावी झालेली.
फॉर्म भरताना पडद्यावर चाक फिरत राहिलं,
बारा वाजले, तारीख गेली.
रडली नाही. खडू घेतला
आणि दारोदार रेंज मोजत सुटली.
शून्य. शून्य. एक दांडी.
सुताराकडे दोन, पण फक्त पहाटे.
सार्वजनिक संडासाच्या मागे तीन!
हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची,
मग तिथेच पोरांनी अभ्यासाला फळी टाकली
आणि हसणं थांबलं.

दोनशे चौदा घरांचा नकाशा केला,
जुनी कॅलेंडरं पालथी चिकटवून.
उजेडात धरला की मागचा मारुती दिसतो,
द्रोणागिरीसकट.

बेलापूरला सुनावणी.
जागा एमआयडीसीची, म्हणाले. खांब पालिकेचा.
खांबावरची वीज महावितरणची. डोंगर वनखात्याचा.
हवा कोणाची, ते काही निघालं नाही.
उद्यानात मोफत वायफायची पाटी आहे ना, साहेब म्हणाले.
आहे, मी म्हटलं.
तीन संध्याकाळी बसलो तिच्याखाली.
पाटी उत्तम आहे.

मग त्यांनी विचारलं, दिलं समजा,
पोरं त्यात बघणार काय? रील्सच ना?

चांगुणाबाई तोवर गप्प होत्या.
ग्रामपंचायत होती तेव्हा
नळासाठी हंडे घेऊन बसलेल्या बायांत ह्या पुढे.
पदर खोचला नाही, आवाज चढवला नाही.
म्हणाल्या,
नळ दिलात तेव्हा विचारलं नव्हतं कोणी
पाण्याचा भात करणार की चूळ भरणार.
चूळही भरली आम्ही.
भातही झाला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं.
शेरा मारला: तपासून सादर करावे.
ह्या शेऱ्याचं पुढे काय होतं
ते मी खात्यात एकतीस वर्षं पाहिलंय.
बाकीच्यांना सांगितलं नाही.
तस्लीमला मात्र माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं,
नकाशाची गुंडाळी तिनं
कोणाच्या हाती दिली नाही. झेरॉक्स दिली.

खाली आवक-जावकच्या खिडकीत
एक सावळा कारकून, गळ्यात लॉकेट.
शिक्का उमटेना, शाई सुकलेली;
दोनदा फुंकर मारली, तिसऱ्यांदा मारला.
आणि खिडकीच्या गजाशी वाकून हळूच म्हणाला,
आमच्या तुर्भ्याला, खदानीच्या बाजूला,
तिथेही असंच आहे.
हे मोजायचं कसं? मशीन लागतं का?

तस्लीम म्हणाली, खडू लागतो.

परतताना रबाळ्याला उतरून डबा घेतला.
दुकानदार रंगीत दाखवत होता.
पांढराच दे म्हटलं,
खदानीकडच्या भिंती काळ्या असतात.