एक कुंडी, भाडे नाही

रजिस्टरात नोंद अशी आहे :
चेंबर तीन. एक कुंडी. मालक गांगुर्डे, सातपूर.
माल, झाड. भाडे, नाही.
खाली माझी सही, वीस डिसेंबर.

गांगुर्डे फिटर. कंपनीनं तीन महिने जपानला धाडलेला.
बाकीच्यांनी टेपरेकॉर्डर आणले,
यानं फिल्मच्या डबीत चार बिया,
कितीही धुतल्या तरी वास न गेलेल्या.
तीन कुजल्या. चौथीनं दीड वर्ष विचार केला.
गिंको, तो म्हणायचा.
गल्लीतली पोरं पिंकू म्हणायची.

"याला इथं झोप लागत नाही,"
दवाखान्यात पोराबद्दल बोलावं तसं तो बोलला.
"पानं अर्धी हिरवी, अर्धी करपलेली,
गळायचं कधी तेच कळत नाही त्याला.
तुमच्याकडे वीस दिवस थंडी मिळेल?"

मी द्राक्षं ठेवतो.
डिसेंबरात चेंबर रिकामेच असतात.
सहा वर्षं तो टेम्पोतून कुंडी घेऊन ओझरला आला,
सहा वर्षं मी एका हिवाळ्याला बाहेरून कडी लावली.
सातव्या वर्षी झाड दारातून मावेना.
मग माझ्याच आवारात, वजनकाट्यामागं, खड्डा घेतला.

त्याच वर्षी निफाडचा पारा दोनाखाली गेला.
बागाबागांतून शेकोट्या, ओल्या भुशाचा धूर,
मणी तडकू नयेत म्हणून पहाटे सोडलेलं पाणी.
माझा भाऊ मफलरातून उन्हाला हाका मारत होता.
गांगुर्डे न बोलावता आला, स्कूटरवर, कानटोपी घालून.
रात्रभर काटक्या ओढल्या त्यानं.
पण मधूनच उठायचा, काट्यामागं जायचा,
खोडाला तळवा लावून उभा राहायचा,
आणि परत येताना
चेहरा नीट करून यायचा.

मी पाहिलं. बोललो नाही.

पाचव्या दिवशी झाड अख्खं पिवळं.
मधोमध चीर, आपट्याचंच वाटावं असं पान.
आपटा तर हिरवा असतो, आपणच त्याला सोनं म्हणतो.
हे खरंच तसलं,
दसरा उलटून अडीच महिन्यांनी उगवलेलं.
दुपारी, वारा नसताना, सगळं एकदम खाली आलं.
त्यानं एक उचलून माझ्या हातावर ठेवलं.
"घ्या," म्हणाला.
सोन्यासारखं राहा, ते पुढचं, म्हणाला नाही.
भावाच्या बागेतून तडकलेल्या मण्यांचा
आंबूस वास येत होता.

पान रजिस्टरात आहे अजून, चेंबर तीनच्या पानावर.
रंग थोडा उतरलाय.
शेजारी जावकेचा रकाना,
तो मी भरलेला नाही.