गळ्यातलं काढून ठेवा

दिवसातून साठ वेळा मी हेच म्हणतो.
गळ्यातलं काढून ठेवा.
जप नाही, ड्युटी आहे.
छातीच्या फोटोत एखादा मणी आला
तर नवे डॉक्टर त्याला गाठ समजतात.

अंबाजोगाईचा सरकारी दवाखाना, खोली नंबर अकरा.
एक स्टूल, एक खिळा,
आणि कडेनं पोचे आलेला स्टीलचा ट्रे,
ज्यात साखळ्या, ताईत, काळे दोरे, सेफ्टी पिना
संध्याकाळपर्यंत एकमेकांचे नातलग होतात.

भागीरथीबाई नागरगोजे, वय चौसष्ट,
गाव धर्मापुरी, खोकला तीन महिन्यांचा.
आल्या त्या उजवा हात पिशवीत घालूनच.
पिशवी खाकी. नातवाच्या शाळेच्या चड्डीची शिवलेली,
एका बाजूला अजून हुकाचं घर.

गळ्यातलं काढून ठेवा.
'गळ्यात काईच न्हाई. हातात हाय.'
मग हातातलं ठेवा.
'थांबा जरासक. मधीच हाय मी.'

बाहेर रांग होती. कुणीतरी दार वाजवत होतं.
मी ट्रे पुढे केला.
त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जसं परक्या घरी पाणी देणाऱ्याच्या भांड्याकडे बघतात
आणि तहान नाही म्हणतात.
'ह्याच्यात काय काय धुतलं आसंल, बाबा.'

स्टूल? त्यावर लोक बसतात.
खिळा? त्यावर माझा टॉवेल.
टेबल? तिथं कालचा चहा सांडलेला.
पहिल्यांदाच मी माझी खोली नीट पाहिली.
बारा वर्षं नोकरी,
आणि एक माळ ठेवावी एवढी जागा नाही.

'मग तुमीच धरा.'

पिशवीतून रुद्राक्ष निघाले,
परळीच्या बाजारातले, बारीक,
बोटांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेले.
माझ्या मधल्या बोटावर त्यांनी माळ टांगली,
अंगठा धरून एका मण्यावर टेकवला.
'एकसष्ट झाले. हितंच ठिवा. हालायचं न्हाई.
खाली लोंबू देऊ नका, छातीशी धरा.
आन् हे बोट लावायचं न्हाई बगा,
ह्या बोटानं मानूस दुसऱ्याकडं दावतो.'

ते बोट माझं कामाचं बोट.
त्यानंच मी बटण दाबतो,
त्यानंच लोकांना उभं राहायची जागा दाखवतो,
त्यानंच, पुढचा, म्हणतो.

शिशाच्या पार्टिशनमागे गेलो
छातीशी मूठ धरून, चोरासारखा की पुजाऱ्यासारखा, कळेना.
डावा हात पुढे केला. आवाज तोच काढला:
श्वास घ्या. धरा. हालायचं नाही.

पलीकडे त्या हलत नव्हत्या.
अलीकडे मी हलत नव्हतो.
मशीन घुर्र झालं.

सोडा, म्हणालो.
त्यांनी श्वास सोडला. माझा अंगठा तिथंच.

पडद्यावर फासळ्या उमटल्या,
आणि उजवीकडे वर, कापसाचं बोंड फुटावं तसं काही.
ते सांगणं माझ्या कामात येत नाही.
रिपोर्ट सोमवारी, म्हणालो.
त्यांनी तेही विचारलं नव्हतं.
'कितीवर व्हता?'
एकसष्ट.
'हां,' म्हणाल्या, आणि पिशवीत हात घालून
बासष्टीकडे निघून गेल्या, कॉरिडॉरमधून, खोकत.

त्या दिवशीची उरलेली वाक्यं मी जरा हळू म्हणालो.
लोकांना वाटलं, तब्येत बरी नाही.

घरी ड्रॉवरमध्ये वडिलांची माळ आहे.
गॅसच्या पुस्तकाखाली, विजेच्या बिलांसोबत,
गुंता होऊ नये म्हणून मीच रबर लावलेलं.
किती उन्हाळे गेले कुणास ठाऊक,
रबर वितळून मण्यांना चिकटून बसलंय.

लाईट गेले होते. मोबाईलच्या उजेडात
एकेक मणी खरवडत बसलो, नखानं.
तिसऱ्या मण्यावर ध्यानात आलं
कुठलं नख ते.

बोट बदललं.