खाचेतला निळा

एनिड हेस्लप बाईंनी
चाळीस वर्षं धूळ शोधली.
धूळसुद्धा नाही खरं तर, धुळीखालचा
मोहरीहून बारीक एक कण,
इराणी राजवाड्यातल्या दगडी सिंहाच्या
आयाळीच्या खाचेत
अडीच हजार वर्षं अंग चोरून बसलेला.

डरहॅमच्या त्या तळघरात मी कॅमेरा लावायचो.
दिवा तांबडा, भिंगावर काळी काच.
डोळ्यांना हरवलेला निळा
पडद्यावर पांढरा पेटायचा.
म्हणजे सापडायचा तोही रंग टाकून.
बाई म्हणायच्या, असू दे. आहे ना तो? पुरे.

दगड मुळातच उघडा, करडा, गंभीर
असं मानणारे पुष्कळ होते.
एका परिषदेत कुणी तरी हसत विचारलं,
"म्हणजे तुमचा सम्राट सर्कशीतला होता?"
बाईंनी पाण्याचा घोट घेतला, पुढची स्लाइड लावली.
दाढी निळी. ओठ हिंगुळी.
"हो," त्या म्हणाल्या, "मला सर्कस आवडते."

रंग गेले कुठे?
ऊनवाऱ्यानं नेले थोडे.
बाकीचे संग्रहालयवाल्यांनीच घालवले,
ब्रश आणि साबण घेऊन, प्रेमानं.
हे 'प्रेमानं' त्या दरवेळी सांगायच्या.

त्यांचा बाप कोळशाच्या खाणीत.
पाळी संपली की शेगडीपुढे
पत्र्याच्या टबात बसायचा,
आणि सात वर्षांची एनिड पाठ घासायची.
पाणी काळं, पाठ पांढरी.
फक्त काही रेघा निघायच्या नाहीत.
जखम भरताना आत राहिलेला कोळसा
कातडीखाली निळा दिसतो.
"नको घासूस पोरी, ते आता माझंच आहे."

हे मला एकदाच सांगितलं त्यांनी,
सँडविचच्या कागदाची घडी घालता घालता,
आणि लगेच विचारलं,
पाचव्या फोटोत फोकस का हलला?

मीही त्यांना एकदा काही दिलं.
अस्मानी, किरमिजी, फिरोजी, खाकी.
तिकडूनच आलेले शब्द,
आमच्या जिभेच्या खाचेत राहून गेलेले.
त्यांनी ते वहीत उतरवले,
नमुन्यांना देतात तसे क्रमांक घालून.
खाकीपाशी पेन थांबलं. खाक म्हणजे?
माती, मी म्हटलं. राखसुद्धा.
"मग त्याला शेवटचा नंबर."

निवृत्तीच्या दिवशी केक होता, भाषण नव्हतं.
चाळीस वर्षांच्या काचनळ्या
बुटांच्या एका खोक्यात मावल्या,
वर थोडी जागाही उरली.
वेअर नदीवर चारलाच अंधार पडलेला.
मी थांब्यापर्यंत पोचवायला गेलो.
बस येईना.
दिव्याखाली त्यांनी हातमोजा काढला
आणि अंगठ्याच्या नखाच्या कडेकडे
बराच वेळ बघत राहिल्या.

मला काही दिसलं नाही.
माझ्याकडे कॅमेरा नव्हता.