खिशाच्या उंचीवरून

आवाज आधी बंद करायचा.
मग स्क्रीनचा उजेड, शून्याच्या जवळ.
कानात वायर घालायची, गाणं न लावता;
वायरीवरचं बटण दाबलं की फोटो निघतो
हे मावसभावानं शिकवलं, कुणाच्या तरी लग्नात.
शर्टाच्या खिशातून भिंग तेवढं बाहेर,
खाली टेकू म्हणून गुजरीतल्या पेढीचं पाकीट.

आणि गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
संध्याकाळी साडेसातनंतर,
मी नुसताच उभा असलेला माणूस.

चार महिन्यांत तीनशे बारा.
बहुतेक वाया.
ट्यूबलाइटखाली धार काढणाऱ्या हाताचा
पांढरा फराटा येतो नुसता;
लांबून ओढून घ्यावा चेहरा
तर त्याची रांगोळी होते, तीही पुसलेली.
छातीवरून घेतलेल्या जगाला कपाळ नसतं.
हनुवट्या येतात, ग्लास धरलेल्या मुठी,
बंडीची बटणं, एका पैलवान पोराचा कान,
फुटका, भज्यासारखा,
आणि माझ्याच अंगठ्याचा लालसर ढग.

हिंदुराव एकाही फोटोत माझ्याकडे बघत नाहीत.
त्यांची म्हैस बघते.
हरणी. प्रत्येक वेळी, थेट भिंगात,
रवंथ थांबवून,
शाळेतल्या बाई बघायच्या ना
बाकाखालच्या हाताकडे, तशी.

मला वाटायचं, हेच खरं.
समोर फोन धरला की माणूस केस सारखे करतो,
पोट आत घेतो, जगात भारी होतो.
चोरून घेतला की असतो तसा येतो.
असं मी स्वतःला समजावलेलं, पुष्कळदा,
आणि इतक्यांदा का समजावावं लागतंय
याचा हिशेब कधी मांडला नाही.
पेढीवर हिशेबनीस असून.

परवा गर्दी पांगल्यावर
बादली विसळत हिंदुराव म्हणाले,
"चार म्हैनं बघतोय, छातीला मोबाईल लावून हुबा ऱ्हातोस.
मला वाटलं हितं रेंज येत नसंल."
मग हात पुसले. "दाव की."

दाखवले. दुसरं काय करणार.
ओल्या बोटानं सरकवत गेले, स्क्रीन अडखळत होती.
"ही माझी पाठ. ही बी पाठ. ह्यो कोण, मीच व्हय?
मर्दा, दिवाळीच्या पाडव्याला हरणीचा फ्लेक्स लावायचाय,
तिचा एक धड न्हाई काढलास? ती तर पोज देत्या."
मी हसलो. तेही.
मग एका फोटोवर बोट थांबलं.

कोपऱ्यातली बाई. हातात दवाखान्याची पिशवी.
भिंतीकडं तोंड करून ग्लास रिकामा करताना.
माझ्या मते तीनशे बारांतला सगळ्यात चांगला:
उजेड गालावरून उतरून ग्लासात गेलेला,
कुठंही हललेला नाही.

"ह्यो काढून टाक."
आवाज चढवला नाही.
"ती भित्तीकडं तोंड करून का पीत्या, म्हाईत हाय?"
मला माहीत नव्हतं.
त्यांनी सांगितलंही नाही.
बादली उचलली, हरणीचं दावं सोडलं.
"माझं ठेव. पाठीचं ठेव. पाठीला काय हुतंय."

तिथंच काढून टाकला, त्यांच्यासमोर.
पण फोन काही लगेच फेकून देत नाही;
हटवलेलं एका कप्प्यात महिनाभर राहतं,
वर आकडा, किती दिवस उरले त्याचा.
तो कप्पाही रिकामा करता येतो, एका बोटानं.
मी केला नाही.

आज बावीस.
रोज रात्री उघडतो.
भिंत दिसते, पदर दिसतो, ग्लासाचा तळ.
का, ते दिसत नाही,
दोन बोटांनी कितीही ताणलं तरी.
गालाचे चौकोन होतात फक्त.

कट्ट्यावर जातो अजून. फोन आणि वायर घरी.
ती आली की मी हरणीकडं बघतो,
आणि हरणी, रवंथ थांबवून,
माझ्या रिकाम्या खिशाकडं.