श्रुतलेखन

तिसरी-चौथी मिळून बावीस पोरं, खोली एकच.
तालुक्याहून आलेला तक्ता, खाली कार्बन:
अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद.
पाचच्या आत ऑनलाइन भरा, म्हणतात,
आणि रेंज फक्त टाकीच्या पायऱ्यांवर.

उज्वला मेश्राम कागद नाकाशी धरून उभी राहिली.
"राजू सकायी उठते. थो तोंड धुते.
त्याची माय त्याले च्या देते."
थांब. काय देते?
"च्या."
बोट ठेव बरं शब्दावर.
तिनं ठेवलं, अगदी नेमकं, 'दूध'वरच.
"हे दूध हाय सर. पन थे तं डेरीत जाते."

तक्त्यात याला रकाना नाही.
पेन्सिलीनं खूण केली, खोडली,
भोक पडेस्तोवर खोडत राहिलो.
खालच्या प्रतीत ती तशीच राहिली, निळी.

दुपारी श्रुतलेखन. दहा वाक्यं.
मी फेऱ्या मारत सांगत गेलो, सावकाश, दोनदोनदा.
वह्या जमा केल्या, लाल पेन उघडला.
'बाभयीवर कावया बसला.'
दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीतही.
संघपाल, ज्याचा साधा काना चुकत नाही,
त्याच्याही वहीत कावया.
बावीस वह्या, बावीस कावये,
एकाच बाभळीवर.

एवढे सगळे एकच चूक करत नाहीत.

मी नऊ वर्षांचा असताना
गुरुजींनी माझ्या जिभेवरचा हा य काढला होता.
पट्टीची कड बोटांवर: ळ म्हण. शाळा. काळा. डोळा.
डी.एड.च्या मुलाखतीत तो आला नाही,
पुण्याच्या प्रशिक्षणात नाही,
बायकोच्या माहेरी, नाशकाला,
जेवणाच्या पंगतीतही नाही.
आज पाचव्या वाक्याशी
पोरांच्या पाठीमागून चालताना
केव्हा परत आला, कळलंही नाही मला.

पोरांना कळलं.
ऐकलं तसं लिहिलं त्यांनी,
मी तरी दुसरं काय मागितलं होतं?

लाल पेनाचं टोपण लावलं.

टाकीची सातवी पायरी. दोन काड्या रेंज.
उज्वलाच्या नावापुढे 'परिच्छेद' निवडलं.
शेरा सक्तीचा होता. लिहिलं:
शिक्षकाचं ऐकून लिहितात.
पाठवा दाबलं. चाक फिरत राहिलं.

खालून ती ओरडली,
"सर, शायेले कुलूप लावू का?"

"लाव," म्हटलं, "अन् चाबी माह्यापाशी दे."